सॉसेजवाला राज्यावर येतो

इसवी सन पूर्व 424. अथेन्सच्या अगोरात, म्हणजे भर बाजारात, तुम्ही थंडीने कुडकुडत उभे आहात. समोर एक जण फळी मांडून आतडी धुतोय. एका टोकाला गाठ मारतो आणि दुसऱ्या टोकातून बारीक चिरलेलं मांस, चरबी बोटांनी दाबत आत सारतो. आतडं तट्ट फुगतं. हा 'अल्लास'. आत नेमकं काय भरलंय, हे विचारायच्या भानगडीत पडू नका. काही भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचं मूळ इटलीतल्या लसणाच्या जुन्या नावात शोधतात. खात्री कुणालाच नाही.

लेनायाचा उत्सव आहे, लोंढ्याबरोबर नाटकाला चला. ॲरिस्टोफेनिसच्या 'घोडेस्वार'मध्ये असाच एक सॉसेजवाला फळी-सुऱ्यांसकट येतो. दोन गुलाम त्याला गाठतात: भविष्यवाणी झालीय, उद्याचा राज्यकर्ता तूच! तो गांगरतो, मला धड लिहिता-वाचता येत नाही. तेवढं तरी कशाला शिकलास, असा त्यांचा सूर. राजकारणात वेगळं काय असतं? तोच खिमा करायचा, कालवायचा आणि वर गोडवा लावून लोकांच्या गळी उतरवायचा.

टोला अथेन्सचा पुढारी क्लेऑन याला आहे. आदल्या वर्षी स्फाक्टेरिया बेटावरून स्पार्टाचे सैनिक कैद करून आणल्यापासून स्वारी हवेत आहे; नाटकाला पुढच्या रांगेत बसायचा मानही मिळालाय. शेवटी नाटकातल्या त्याच्या सोंगाला शिक्षा होते: वेशीवर बसून कुत्र्या-गाढवाच्या मांसाची सॉसेजं विक. नाटकाला पहिलं बक्षीस मिळतं. आणि पुढे हेच अथेन्सकर त्याच क्लेऑनला सेनापती निवडून देतात. नवल वाटलं नसेल, तर तुम्ही पेपर नियमित वाचता.

तेराशे वर्षं पुढे सरका. कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये सम्राट सहाव्या लिओने आतड्यात रक्त भरून खाण्यावर बंदी घातलीय. सापडलात तर मालमत्ता जप्त, फटके, वर मुंडण.

आता आजच्या अथेन्समध्ये या. सुपरमार्केटच्या फ्रिजवर पाटी आहे 'अलान्दिका': सलामी, हॅम, खारवलेलं, धुरी दिलेलं सगळं मांस या एका नावाखाली. नुसतं सॉसेज हवं असेल तर मात्र 'लुकानिको' मागायचं. ते नाव दक्षिण इटलीतल्या लुकानिया प्रांतावरून आलं. अल्लासचं नाव आणखी एका ठिकाणी टिकलंय, इस्पितळात. बोटुलिझम या अन्नविषबाधेला ग्रीक डॉक्टर 'अलान्दिअसी' म्हणतात.