वेताळाचे प्रश्न आणि राजाचा तपास

मराठी रहस्यकथेचा इतिहास बाबूराव अर्नाळकरांपासून आणि कुमारांसाठीच्या रहस्यकथेचा इतिहास भा. रा. भागवतांपासून सांगण्याचा प्रघात आहे. परंतु तपास आणि पिशाच यांची सांगड घालणारी कथा त्यांच्या कितीतरी आधीची असून तिचा नायक गोदाकाठचा आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागर’ या संस्कृत ग्रंथातील वेताळकथांचा राजा त्रिविक्रमसेन हा प्रतिष्ठानचा, म्हणजे मराठवाड्यातील पैठणचा, आहे. लोकपरंपरेने पुढे त्याचा विक्रम केला आणि त्याला उज्जैनला नेले.

वेताळ म्हणजे प्रेतात शिरून त्याला बोलते करणारे पिशाच. एका भिक्षूच्या विनंतीवरून राजा झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून निघतो, वाटेत वेताळ त्याला एक प्रकरण ऐकवतो आणि निवाडा मागतो. उत्तर ठाऊक असूनही गप्प राहिल्यास डोके फुटेल आणि बोलल्यास राजाचे मौन मोडेल आणि वेताळ झाडावर परतेल, असा हा पेच आहे. अकाली मेलेल्या मुलीच्या तीन वरांपैकी एक तिच्या राखेवर झोपतो, दुसरा अस्थी गंगेत नेतो, तिसरा मंत्राने तिला जिवंत करतो. मग ती कोणाची? प्राण देणारा तो पिता, अस्थी नेणारा तो पुत्र आणि राखेची सोबत न सोडणारा तोच पती, असे राजा केवळ कृतींवरून नाती ओळखून ठरवतो. पिशाचाने पुरावे मांडावेत आणि माणसाने तर्क चालवावा, ही वाटणी फार मोलाची आहे, कारण तीत भुताचे भय बुद्धीला मारत नाही, उलट कामाला लावते. अखेरच्या प्रश्नावर राजा निरुत्तर होतो, तेव्हा प्रसन्न झालेला वेताळच त्याला सांगतो की हे काम सोपवणारा भिक्षूच त्याचा बळी देणार आहे. खरा अपराधी पहिल्या पानापासून समोर असतो, ही रहस्यकथेची परिचित क्लृप्ती येथे पूर्णपणे सिद्ध झालेली दिसते.

सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ 1830 मध्ये मराठीत आली. मुलांच्या हाती मात्र ती खऱ्या अर्थाने पडली ती ‘चांदोबा’मुळे. मद्रासहून 1947 मध्ये तेलुगू व तमिळमध्ये सुरू झालेले हे मासिक 1952 पासून मराठीतही निघू लागले, आणि खांद्यावर प्रेत व हाती तलवार घेतलेला राजा सर्व भाषांत एकाच चित्रातून ओळखीचा झाला. नांदेड जिल्ह्यातील देगलूरच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेला हा तालुका 1956 च्या भाषावार पुनर्रचनेनंतर सीमेवर आला, आणि आज त्याच्या एका अंगाला तेलंगण, दुसऱ्या अंगाला कर्नाटकातील बीदर जिल्हा आहे. जिथे मराठी, तेलुगू व कन्नड या तीन भाषा बाजारात एकमेकींना भेटतात, तिथे हा एकच वेताळ तिन्ही भाषांच्या मुलांचा होता.

पुढे मराठीत तपास आणि पिशाच यांची ही जोडी फुटली. तपास भागवतांच्या ‘फास्टर फेणे’सारख्या चौकस मुलाकडे गेला, तर पिशाच रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत, म्हणजे उलगडा हातचा राखणाऱ्या भयकथेत, वस्तीला आले. नारायण धारप (1925–2008) यांनी ‘समर्थ’ या व्यक्तिरेखेत दोन्ही पुन्हा जोडले: संकटातील माणूस त्याच्याकडे येतो, तो अमानवी शक्तीचा माग काढतो आणि तिच्याशी झुंजतो. ही कथा मुख्यतः प्रौढांसाठी होती, आणि समर्थ स्वतः सिद्धी असलेला पुरुष असल्याने सामान्य वाचकाला तर्काची ती समान संधी तीत मिळत नाही, जी त्रिविक्रमसेनाच्या कथेत मिळते.

म्हणून देगलूर परिसरातील शाळांनी आणि वाचनालयांनी वेताळकथांची मराठी, तेलुगू व कन्नड पुस्तके एकाच फळीवर ठेवावीत, आणि प्रत्येक कथा राजाच्या उत्तरापाशी थांबवून आधी मुलांना निवाडा करू द्यावा.