पेशवेकालीन हिशेबाची परंपरा आणि सुट्या बंदाचें प्रामाण्य

जुन्या कागदांचा संग्रह करणारांच्या घरीं सनदा, आज्ञापत्रें व थोरांच्या हातचीं पत्रें मानानें ठेवलेलीं असतात; हिशेबाचे बंद मात्र, असलेच तर, माळ्यावरील गांठोड्यांत. यांत नवल नाहीं. पत्रांत माणूस बोलतो. जमाखर्चांत वरवर पाहणारास केवळ आंकडे दिसतात. तथापि अमुक सनद खरी कीं बनावट, असा प्रश्न उभा राहिला म्हणजे अखेरीस साक्षीसाठीं जावें लागतें तें या गांठोड्याकडेच. ही साक्ष सिद्ध कशी होते आणि कशानें नष्ट होते, हें पेशवाईंतील हिशेबाच्या रीतीवरून दाखवावें, इतकाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम मामलतीच्या ठिकाणीं रुपया कसा लिहिला जाई, तें पाहूं. मामलेदाराजवळ जे दरकदार असत, ते त्याचे चाकर नव्हेत. त्यांची नेमणूक सरकारांतून होई, त्यांस दूर करण्याचा अधिकार मामलेदारास नसे, आणि कांहीं गैर दिसल्यास तें हुजूर कळविणें हा त्यांच्या कामाचाच भाग असे. दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस अशी ही आठांची मांडणी होती. पैकीं चिटणीस पत्रव्यवहार पाही व सभासद किरकोळ कज्जांची नोंद ठेवी. आमच्या विषयाशीं त्यांचा संबंध थोडा. उरलेल्या सहांचीं कामें मात्र बारकाईनें पाहण्यासारखीं आहेत.

वसुलाचें नाणें आलें कीं पोतदार तें पारखी. त्या काळीं रुपया म्हणजे एकच नाणें नव्हे. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे अनेक शिक्के एकाच वेळीं चालत व त्यांच्या मोलांत अंतर असे. म्हणून नुसता रुपयांचा आंकडा म्हणजे अर्धीच नोंद. कोणत्या शिक्क्याचे रुपये आणि बट्टा किती, हें कळल्यावांचून ती पुरी होत नसे. पारखलेल्या ऐवजाचा भरणा व शिल्लक पोतनीस ठेवी आणि रोजकीर्दीच्या लेखनास साह्यही करी. फडणीस दिवसाची टिपणें राखी, कीर्दीवर तारीख घाली, आणि सनदापत्रांवर आपला शेरा मांडी. त्याच्या टिपणांवरून दफ्तरदार खतावणी करी व महिनेमहाल गोषवारा हुजूर पाठवी. हिशेब फडणिसाकडे जाण्यापूर्वीं मुजुमदाराच्या नजरेखालून गेलेला असे, आणि पत्रांवर व हुकुमांवर दिवाणाची निशाणी लागे. सारांश, रोख ज्याच्या हवालीं, त्याच्या एकट्याच्या लेखणीवर हिशेब सोडलेला नव्हता. एक रुपया गिळावयाचा तर निदान तिघाचौघांची तोंडें गोड करावीं लागत. तीं होत नसत असें आम्ही म्हणत नाहीं. अंतस्थ या नांवाखालीं काय काय चाले, हें जुन्या कागदांच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु अपहार करणारास साथीदार लागावे, अशी मूळ रचनाच होती.

येथें कौटिल्याची आठवण होणें स्वाभाविक आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत अक्षपटलाचें स्वतंत्र प्रकरण असून आय, व्यय व नीवी अशी हिशेबाची त्रिविध व्यवस्था सांगितली आहे. वर्षाचे हिशेब आषाढी पौर्णिमेस पुरे करून आणावयाचे असत. आणि पुढच्याच अध्यायांत अधिकाऱ्यांनीं द्रव्य हरण करण्याचे ४० प्रकार मोजले आहेत. हें वाचून पेशव्यांचें दफ्तर अक्षपटलापासून उतरलें असें म्हणण्याचा मोह कित्येकांस होतो. आम्हांस तो मान्य नाहीं. अर्थशास्त्राची पोथी उजेडांत येऊन १९०९ त छापली गेली; पुण्याच्या फडांतील कारकुनाच्या हातीं ती असल्याचें कोणतेंही प्रमाण नाहीं. मराठी दफ्तराची परिभाषा तर बहुतांशीं फारसी-अरबी आहे. म्हणूनच शिवछत्रपतींस रघुनाथ पंडिताकडून राजव्यवहारकोश करवावा लागला व मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव म्हणण्याची सोय झाली. दोन राज्यांस एकच अडचण आली व दोहोंनीं सारखा तोडगा काढला, इतकेंच साम्य पुरे आहे.

आतां हुजूर दफ्तराकडे वळूं. पुण्यास या दफ्तरांत २०० वर कारकून राबत. त्याचे मुख्य भाग दोन, चालतें दफ्तर व एकबेरीज. चालतें दफ्तर फडणिसाच्या सत्तेंत असून त्यांत फड, बेहेडा व सरंजाम असे पोटभाग होते. फडांतून सनदा व हुकूम निघत आणि रोजकीर्द लिहिली जाई. बेहेड्याकडे महालांचे व गांवांचे हिशेब येत व पुढील वर्षाचा आकार तेथें ठरे. सरंजामाकडे फौजेच्या नेमणुकांचा हिशेब. एकबेरीज दफ्तराचें काम नांवाप्रमाणेंच होतें : सर्व खात्यांचे हिशेब एकत्र आणून त्यांचे तर्जुमे करणें, म्हणजे राज्याची आमदनी, खर्च व शिल्लक एका नजरेंत यावी असें करणें.

एक उदाहरण कल्पूं. एका महालाच्या मामलेदारानें रसदेपैकीं ५०० रुपये हुजूर भरले. त्या दिवसाच्या रोजकीर्दींत ते त्याच्या नांवें जमा पडले. त्याच दिवशीं एका देवस्थानास नेमणुकीचे २५ रुपये दिले, तेही तेथेंच खर्चीं पडले. रोजकीर्दीस विषयाचा विधिनिषेध नाहीं, दिवस हाच तिचा विषय. पागेचा दाणा, ब्राह्मणांची दक्षिणा, किल्ल्याची डागडुजी, सर्व एकापुढें एक येतें. खतावणींत तेंच उलगडून ज्याच्या त्याच्या खात्यावर जातें : ५०० मामलेदाराच्या खातीं, २५ देवस्थानाच्या. वर्ष सरतां खात्यांच्या बेरजा ताळेबंदांत येतात, आणि ताळेबंद एकबेरजेंत. म्हणजे एकच रुपया निदान तीन ठिकाणीं, तीन निराळ्या क्रमांनीं लिहिलेला सांपडला पाहिजे : प्रथम काळाच्या क्रमानें, मग खात्याच्या, आणि शेवटीं बेरजेंत विरघळलेला.

ताळेबंद या शब्दांतील ताळा आम्ही शाळेंत पुष्कळ वर्षें शिकविला. गुणाकाराचें उत्तर आलें तरी ताळा पाहिल्यावांचून पाटी खालीं ठेवूं नये, ही पंतोजींची शिस्त फडांतही होती. आमच्या मुलांस पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करणें जाचक वाटे. पण मोडी हिशेब वाचणारास तींवांचून गति नाहीं. रुपयाच्या आंकड्यापुढें एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यापुढील आडव्या रेघा आण्यांच्या. या रेघांस विरामचिन्ह समजून नकलेंतून गाळणारे नकलनवीस आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं एका फटक्यांत सवाबारा रुपयांचे बारा केले, आणि पुढें ताळा जमत नाहीं म्हणून दोष जुन्या कारकुनाच्या माथीं मारला.

पानाची मांडणीही ध्यानांत ठेवावी. आज आपण रकमा एकाखालीं एक लिहून तळाशीं बेरीज करतों. मोडी हिशेबांत पुष्कळदां बेरीज आधीं, डोक्यावर, आणि तपशील तिच्या पोटांत. त्या तपशिलांतील एकेका रकमेच्या पोटांत पुन्हां तिचा तपशील. बंद फाटून खालचा भाग गेला तरी एकूण रक्कम शिल्लक राहते, पण वरचा भाग गेला तर उरलेला तपशील निराधार होतो. कालगणनेचेंही असेंच. वर्ष मृगसालाचें, शुहूर सनाचें, व तें अरबी संख्याशब्दांत : इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे ११६१, तींत ५९९ मिळविले कीं १७६०, व पुढील मृगापर्यंतचें १७६१. पानिपतचा संग्राम, १४ जानेवारी १७६१ चा, याच सालांत पडतो. तिथि मात्र मुसलमानी महिन्याच्या चंद्राची, छ या अक्षरामागें दिलेली. सालाचा उल्लेख दर बंदावर असेलच असें नाहीं. तो गठ्ठ्याच्या आरंभींच्या पानांवरून घ्यावा लागतो.

इटलींतील लुका पाचोली यानें १४९४ त व्यापाऱ्यांच्या हिशेबाची जी रीत छापली, तींत टिपणवही, रोजनिशी व खातेवही असे तीन टप्पे आहेत. आमच्या पद्धतीशीं तिचें साम्य उघड आहे. परंतु तेथें प्रत्येक व्यवहार दोन खात्यांवर समतोल पडलाच पाहिजे असा दंडक आहे. मराठी सरकारी हिशेब मुळांत ऐवजाचा, आलेल्या व गेलेल्या द्रव्याचा. मात्र वरातेच्या व्यवहारांत तो दुहेरीच्या अगदीं जवळ येतो. सरकारानें एखाद्या शिलेदाराचें देणें महालावर वरात देऊन भागविलें, तर नाणें पुण्यास येतच नाहीं. महालांतून परस्पर शिलेदारास पोंचतें. कागदावर मात्र तें महालाकडून जमा व शिलेदारास खर्च, असें दोन्हीकडे पडतें. अशा रकमांस खजिन्यांतील खरी आवक समजून पेशव्यांच्या पोत्यांत अमुक लाख रोख होते असें लिहिणारे लेखक आहेत. त्यांनीं हा भेद अवश्य पाहावा.

या परंपरेची खरी कसोटी पेशवाई बुडाल्यावर लागली. १८१८ त दफ्तर इंग्रजांच्या हातीं गेलें, आणि १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशन बसून इनामदारांचे हक्क तपासूं लागलें, तेव्हां घरीं जपलेल्या सनदा पुरेशा ठरेनात. सनद दिली तर तिची नोंद दफ्तरांत कोठें? नेमणूक चालली तर ती दरसाल खर्चीं कोठें पडली? कित्येकांचीं वतनें कारकुनानें लिहिलेल्या दोन ओळींवर तरलीं, कित्येकांचीं त्या ओळी न मिळाल्यानें बुडालीं. कमिशनाच्या न्यायबुद्धीविषयीं आमचें मत चांगलें नाहीं. शोध न लागणें म्हणजे नोंद नसणें, हा तर्क दुसऱ्या बाजीरावाच्या काळास लावणें अन्यायाचें होतें. कारण नाना फडणीस १८०० त वारला, आणि पुढें दफ्तराची आबाळ होऊन कारकुनांचा संच मोडला व कागद बाहेर गेले. ज्या वर्षांचा दोर तुटला, त्या वर्षांत नोंद न मिळणें हा पुरावा नव्हे. ज्या वर्षांचा तो अखंड आहे, तेथें मात्र तो मोठा पुरावा आहे. सनद बनविणारास कागद जुना मिळेल, वळण साधेल, शिक्काही कोरतां येईल. पण त्याच तारखेच्या रोजकीर्दींत, दोन खऱ्या रकमांच्या मध्यें, आपली रक्कम घुसवून खतावणी व ताळेबंद यांच्या बेरजा फिरविणें कोणास साधेल?

याच न्यायानें रावबहादुर गणेश चिमणाजी वाड यांनीं रोजकीर्दींतून काढलेल्या उताऱ्यांकडे पाहावें. त्या खंडांचे उपकार फार मोठे. न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० त त्यांची जी प्रस्तावना लिहिली, तिनें लढायांपलीकडचा इतिहास या कागदांत आहे हें प्रथम लोकांच्या मनावर ठसविलें. पण उतारे विषयवार लाविल्यामुळें रोजकीर्दीचा दिवस मोडला. शेजारची रकम कोणती, दिवसाची शिल्लक काय, हें छापील पुस्तकावरून कळत नाहीं. रावबहादुरांस दोष नाहीं. मूळ दफ्तर शाबूत होतें, आणि आजही तें पुण्याच्या पुरालेखागारांत हजारों रुमालांत बांधलेलें आहे. जिज्ञासूस तेथें जातां येतें.

खाजगी संग्रहांतील कागदांस अशी पाठराखण नाहीं. दफ्तराबाहेर गेलेले, सरदारांच्या, सावकारांच्या, देवस्थानांच्या घरीं वाढलेले हिशेब आतां बाजारांत येतात. एका विक्रेत्याकडे आम्हीं एक संबंध वर्षाचा रुमाल सुटा केलेला पाहिला. ज्या बंदावर प्रसिद्ध नांव होतें त्याची किंमत निराळी, ज्यावर नव्हतें ते शेंकड्यावर. नांवाचा बंद कोणी चौकटींत लावील. पण त्याचें साल आरंभींच्या पानावर होतें व तें पान गेलें. त्याची बेरीज मागील बंदावर होती व तो गेला. खतावणी कोणा तिसऱ्याकडे. उरली ती एक रक्कम, जी कोणाशींही रुजू घालतां येत नाहीं. कागद खरा असून त्याचें प्रामाण्य संपलें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, आपल्याकडे हिशेबाचे सुटे बंद असल्यास ते निवडून वेगळे लावण्यापूर्वीं जसे आले त्याच क्रमानें त्यांस पेन्सिलीनें आंकडे घालावे. रुमाल, दोरी, वेष्टणावरील मजकूर टाकूं नये. आणि प्रत्येक बंदावरील तारीख, खात्याचें नांव, डोक्यावरची बेरीज व कोणाचा शेरा असेल तो, इतकें टिपून यादी मंडळाकडे पाठवावी. एकाच्या घरची कीर्द व दुसऱ्याच्या घरची खतावणी याद्यांवरून जुळण्याचा संभव आहे. मूळ कागद कोणीं कोणास देण्याची गरज नाहीं. मोडी वाचतां येत नसल्यास बंदाचा माथा छायाचित्रांत घेऊन पाठविला तरी चालेल. वाचून देण्याचें काम आम्हीं व आमच्या दोघां स्नेह्यांनीं पत्करलें आहे.