मत आणि दवाखाना : श्रीलंकेच्या आरोग्यखर्चाचा इतिहास

१/ गरीब देशाचे सरकार आरोग्यावर किती खर्च करील, हे कशावर ठरते? तिजोरीत असलेल्या पैशावर, हे पहिले उत्तर. परंतु तिजोऱ्या सारख्या असूनही खर्च सारखा होत नाही. याचे एक कारण १९३० च्या दशकातील सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, स्पष्ट दिसते.

२/ डोनोमोर आयोगानंतर १९३१ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यातील या बेटावर प्रौढ मताधिकार आला. सर्वसामान्य रहिवाशांना शिक्षणाची वा मालमत्तेची अट उरली नाही. स्त्रियाही मतदार झाल्या. भारतात मात्र प्रत्येक प्रौढाला मत मिळण्यास स्वातंत्र्यानंतरचे संविधान यावे लागले.

३/ १९३४ मध्ये पावसाने दगा दिला. एरवी दुथडी वाहणाऱ्या नैर्ऋत्येकडील नद्यांची डबकी झाली आणि त्यांत हिवतापाचे डास माजले. या ओल्या प्रदेशातील लोकांना हिवतापाची सवय नव्हती. सुमारे ५३ लाखांच्या देशात अंदाजे ८० हजार माणसे दगावली.

४/ केगल्ल जिल्ह्यात साथीचा कहर होता. तेथे डाव्या विचारांचे तरुण औषध आणि अन्न घेऊन गावोगाव फिरले. त्यांपैकी एन. एम. परेरा १९३६ च्या निवडणुकीत त्याच जिल्ह्यातील रुवनवेल्लमधून निवडून आले. आजारी गावाला मत असते, हे सर्वच पुढाऱ्यांना उमगले.

५/ पुढील दोन दशकांत ग्रामीण रुग्णालये, दवाखाने आणि प्रसूतिकेंद्रे वाढत गेली. आपल्या मतदारसंघात रुग्णालय आणणे हे प्रतिनिधीचे कर्तव्य मानले जाऊ लागले. १९५१ मध्ये सरकारी रुग्णालयांतील शुल्कही रद्द झाले.

६/ बालमृत्यूचे प्रमाण साथीच्या १९३५ सालात दरहजारी २६० च्या वर होते. १९४७ मध्ये ते शंभराच्या आसपास आले. डीडीटीची फवारणी, स्वस्त तांदूळ आणि शिक्षण यांचाही त्यात वाटा होता. विशेष म्हणजे पुढेही सरकारचा आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या जवळपासच राहिला. पण तो खेड्यापर्यंत पोहोचला.

७/ या कथेची काळी बाजू चहामळ्यांत आहे. तेथील भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांपैकी बहुतेकांचे नागरिकत्व १९४८ च्या कायद्याने गेले आणि पाठोपाठ मतही गेले. त्यांचे आरोग्य मळेमालकांच्या मर्जीवर राहिले. त्यांच्या श्रमाच्या चहावरील निर्यातकरातून सरकारी तिजोरी भरत होती, तरी मळ्यांतील बालमृत्यू दीर्घकाळ देशाच्या सरासरीहून अधिक राहिले.

८/ मग मत मिळाले की दवाखाना आपोआप येतो का? भारताचा अनुभव तसा नाही. पैशांअभावी कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, असे भोर समितीने १९४६ मध्ये सांगितले. मताधिकारही लवकरच आला. तरीही सरकारी आरोग्यखर्च सकल उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट २०१७ च्या आरोग्य धोरणात पुन्हा लिहावे लागले.

९/ सिलोनमध्ये मताधिकार आणि महामारी अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने आली, म्हणून आरोग्य हा निवडणुकीचा प्रश्न बनला. मतदार ज्याचा जाब विचारतो, त्यासाठी गरीब सरकारही पैसा काढते; ज्याला मतच नाही, त्याची पाळी शेवटी येते.