कुमाऊंची आग आणि सरकारी बंदोबस्त

उत्तरेकडील डोंगरी मुलखात ज्यांची बदली झाली आहे, त्या बांधवांस वैशाखातल्या धुराची ओळख करून द्यावयास नको. हा धूर निसर्गाचा आहे तितकाच दप्तराचाही आहे, असे आम्हांस वाटते.

१९११ ते १९१७ या काळात सरकारने कुमाऊंतील विस्तीर्ण जंगले राखीव केली. चिडाच्या झाडापासून राळ मिळे, रेल्वेस स्लीपर मिळत; म्हणून सरकारचा जीव चिडावर. गावकऱ्यांच्या चराईवर व सरपणावर मात्र बंधने आली. उन्हाळ्यात चिडाखाली वाळक्या सुयांचा थर साचतो. तेथे त्यास पिरूल म्हणतात. तो जाळला म्हणजे पावसाळ्यात कोवळे गवत येते, ही लोकांची जुनी वहिवाट. तो आता गुन्हा ठरला. नवल असे की, चिडाची रोपे हाती लागल्यावर वनखाते स्वतःही ठरावीक वेळी तेच पिरूल जाळीत असे!

१९२१ च्या जानेवारीत बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत लोकांनी बेगारीच्या वह्या सरयूत बुडविल्या. त्याच उन्हाळ्यात राखीव जंगले पेटली. दोन लाख एकरांहून अधिक जंगल होरपळले आणि पुष्कळशा आगी मुद्दाम लावलेल्या होत्या. परंतु इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी दाखविले आहे की, लोकांचा रोख चिडावर होता; चारा व सरपण देणाऱ्या बांजाच्या जंगलास त्यांनी हात लावला नाही. जो निवडून जाळतो, त्यास अडाणी कसे म्हणावे?

सरकारने समिती नेमली. (सरकार दुसरे काय करणार!) पण कमिशनर विंडहॅम यांच्या या समितीने लोकांचे म्हणणे ऐकून घेतले, हे कबूल केले पाहिजे. जंगलांचे दोन वर्ग पडले. पहिला वर्ग महसूल खात्याकडे गेला व निर्बंध सैल झाले. त्या जंगलांची पुढे हेळसांड झाली, हेही खरे. तथापि १९३१ च्या नियमांनी वनपंचायती आल्या आणि राखण गावाच्या हाती येऊ लागली. आगीवर सरकारने केलेल्या उपायांत आम्ही हाच सर्वांत शहाणपणाचा मानतो.

१९२७ च्या वन कायद्याने, जंगलात ज्याचा हक्क आहे त्याने आग विझविण्यास धावून जावे, असे बंधन घातले. ज्याचा हक्कच काढून घेतला, त्याने कशासाठी धावावे, याचे उत्तर कलमात नाही.

त्यानंतर यंत्रे आली. १९८४ मध्ये हल्द्वानी व आपले चंद्रपूर येथे आधुनिक अग्निनियंत्रणाचा प्रकल्प सुरू झाला. २०१६ मध्ये उत्तराखंडात हेलिकॉप्टरांतून पाणी ओतले गेले. आज डेहराडूनहून उपग्रहाने टिपलेल्या आगीची खबर तातडीने जाते. तिच्या मागोमाग हिरव्या फांदीचा झोडपा घेऊन डोंगर चढतो तो माणूसच. जून २०२४ मध्ये अल्मोड्याजवळ बिनसरच्या अभयारण्यात आग विझवावयास गेलेल्यांपैकी चौघे जागीच जळून मेले. त्यांत वनकर्मचारी होता, तसा रोजंदारीवरील मजूरही होता.