समुद्रमंथनाचा शिल्पपट

३. लेखकाने इथे ‘दोरखंड ओढणारी माणसे’ म्हटले आहे; तो दोरखंड नव्हे, वासुकी. दुसऱ्या सूर्यवर्मनाने बाराव्या शतकात विष्णूसाठी बांधलेल्या अंकोरवाटच्या पूर्वेकडील ओवरीत हा सुमारे ४९ मीटर लांबीचा पट आहे. एकीकडे ९२ असुर, दुसरीकडे ८८ देव, मधोमध विष्णू, खाली कूर्म. असुर ओळखावेत ते वटारलेल्या गोल डोळ्यांवरून. देवांच्या रांगेच्या टोकाला शेपूट धरून चक्क एक वानर उभा आहे! आपल्या पुराणकथेत तो नाही. ख्मेर शिल्पकारांनी त्याला घेतलेच. वर अप्सरांचे थवे. तळाशी घुसळणीत सापडून तुकडे झालेले मासे. ते अवश्य शोधावेत. मंदिराचे महाद्वार पश्चिमेला असल्याने पट थेट मागच्या बाजूला येतो. — संपा.