कमवा आणि शिका योजना

कमवा आणि शिका योजना ही विद्यार्थ्याला शिक्षण चालू असतानाच संस्थेच्या आवारात ठरावीक तास काम देऊन त्याच्या मोबदल्यातून शिक्षणाचा अथवा निवास-भोजनाचा खर्च भागवू देणारी व्यवस्था आहे. महाराष्ट्रात तिचा पाया कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी घातला. आज राज्यातील अनेक विद्यापीठे व महाविद्यालये ही योजना राबवतात. ज्या कामामुळे गरीब विद्यार्थी शिक्षणात टिकतो, तेच काम त्याच्या अभ्यासाचा वेळ किती घेते, हा या विषयावरील संशोधनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

इतिहास

श्रम करणाऱ्यांना शिक्षण मिळावे यासाठी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी व मजूर यांच्याकरिता रात्रशाळा सुरू केली होती. तेथे दिवसभराचे काम आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. भाऊराव पाटील यांनी श्रम हाच शिक्षणाचा भाग केला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले (ता. कराड) येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये तिचे कार्यालय सातारा येथे हलविण्यात आले. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वयंपाक, शेती व इतर कामे स्वतः करीत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी यांच्या हस्ते या वसतिगृहाचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले. १९४७ मध्ये सातारा येथे सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात हेच तत्त्व उच्च शिक्षणात आणले गेले. 'स्वावलंबी शिक्षण' हे संस्थेच्या ब्रीदवाक्यातच आहे.

स्वरूप

योजनेतील विद्यार्थ्यांना ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, संगणक कक्ष, बाग व परिसर स्वच्छता अशी कामे दिली जातात. कामाची वेळ तासिकांच्या आधी किंवा नंतर ठेवली जाते आणि मोबदला सामान्यतः तासांवर मोजला जातो. निवड करताना कौटुंबिक आर्थिक स्थिती विचारात घेतली जाते. कामावर शिक्षक अथवा कर्मचाऱ्याची देखरेख असते.

अंबड व मराठवाडा

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्याची महाविद्यालये छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात कमवा व शिका योजना राबवली जाते. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय उशिरा झाली, डॉ. आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे सुरू केलेले महाविद्यालय (पुढे मिलिंद महाविद्यालय) हा त्यातील महत्त्वाचा टप्पा होय. अंबड परिसरातील बहुसंख्य कुटुंबे शेतीवर अवलंबून आहेत. कापूस वेचणी व ऊसतोडणी यांचा हंगाम महाविद्यालयीन सत्राच्या काळातच येतो. त्यामुळे येथील विद्यार्थ्याने काम करावे की नाही, यापेक्षा ते कोठे व किती करावे हा प्रश्न अधिक खरा ठरतो. आवारातील काम मिळाल्यास त्याची तासिका बुडत नाही; शेतात अथवा तोडणीच्या फडावर जावे लागल्यास हजेरीच तुटते.

शैक्षणिक कामगिरीविषयक संशोधन

अमेरिकेतील केंटकी राज्यात १८५५ मध्ये स्थापन झालेल्या बेरिया महाविद्यालयात प्रत्येक विद्यार्थ्याला काम करणे बंधनकारक आहे. तेथील विद्यार्थ्यांच्या माहितीवर राल्फ व टॉड स्टाइनब्रिकनर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कामाचे तास वाढल्यास परीक्षेतील कामगिरी लक्षणीय घटते, असे आढळले. अधिक तास काम करणारे व कमी तास काम करणारे विद्यार्थी मुळातच वेगळे असू शकतात; त्यामुळे केवळ त्यांच्या गुणांची तुलना दिशाभूल करते, हेही या अभ्यासाने दाखवले. अलेक्झांडर ॲस्टिन यांच्या अभ्यासात (१९९३) मात्र आवारातील अर्धवेळ कामाचा पदवी पूर्ण होण्याशी अनुकूल, तर बाहेरील पूर्णवेळ नोकरीचा प्रतिकूल संबंध दिसून आला.

हे निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. पहिला गुणांविषयी, तर दुसरा शिक्षणात टिकून राहण्याविषयी आहे. ज्याच्यापुढे काम किंवा शिक्षण सोडणे एवढेच पर्याय आहेत, त्याच्यासाठी काही गुणांची घट ही गळतीपेक्षा लहान हानी ठरते.

मर्यादा

योजनेतील जागा मर्यादित असतात. खेड्यातून एसटीने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला तासिकांपूर्वीची वा नंतरची वेळ साधणे कठीण जाते. विद्यार्थिनींवरील घरकामाचे तास कोणत्याही नोंदवहीत येत नाहीत. त्यामुळे त्यांच्या बाबतीत एकूण श्रमाचा भार नोंदलेल्या तासांपेक्षा अधिक असू शकतो. योजनेचे यश मोजताना लाभार्थींच्या संख्येबरोबरच त्यांची हजेरी, निकाल आणि पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण पाहणे आवश्यक ठरते.

हे सुद्धा पहा

भाऊराव पाटील
रयत शिक्षण संस्था
अंबड
डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ