सुट्या भागांच्या संग्रहाची कथा

रेडिओ यंत्राचें मागचें झांकण काढून आंत पाहिलें असतां तांब्याच्या रेषांनीं भरलेली एक पाटी दिसते. तिलाच सर्किट बोर्ड म्हणतात. एके काळीं तिच्या जागीं तारांचें जाळें असे व प्रत्येक सांध्याला हातानें डाख द्यावा लागे. व्हिएन्नाचा इंजिनियर पॉल आयस्लर हा १९३६ सालीं इंग्लंडांत आला, आणि तारांऐवजीं तांब्याच्या पातळ पत्र्यावरील रेषा वापरण्याच्या कल्पनेला त्यानें रूप दिलें. पुढें १९४९ सालीं अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअरमधील अब्रॅमसन व डांको यांनीं भागांचे पाय पाटीच्या भोकांतून काढून सारे सांधे वितळलेल्या डाखांत एकदम बुडविण्याची रीत सिद्ध केली.

हातांचे श्रम वांचले. परंतु त्याबरोबरच एक नवें काम उत्पन्न झालें. तार आंखूड वा लांब असली तरी वांकवितां येते. पाटीवरील भोंक मात्र हलत नाहीं. म्हणून प्रत्येक भागाच्या पायांचें माप आधींच ठाऊक असणें अवश्य झालें. त्या काळचे नकाशेकार पारदर्शक फिल्मवर दुप्पट वा चौपट मापानें काळ्या चिकटपट्ट्या आणि गोल टिकल्या लावीत, आणि मग छायाचित्रानें तें चित्र लहान करीत. वारंवार लागणाऱ्या भागांसाठीं टिकल्यांचे तयार संचही मिळूं लागले. संगणकांतील आजची 'लायब्ररी' ही त्या संचांचीच वारस होय.

या लायब्ररींत प्रत्येक भागाच्या दोन नोंदी असतात. एक नकाशांतील चिन्ह. दुसरी 'फुटप्रिंट', म्हणजे पाटीवर उमटणारा त्याच्या पायांचा ठसा. या दोहोंचा मेळ चुकला कीं घात होतो. बीसी ५४७ आणि टूएन ३९०४ हे दोन ट्रान्झिस्टर घ्या. दोघांचें चिन्ह एक, देहही एक. पण सपाट बाजू समोर धरली तर पहिल्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. दुसऱ्याचे नेमके उलट.

मापांची गोष्टही अशीच. अमेरिकन चिपांच्या पायांत एक दशांश इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर अंतर असे. सोव्हिएत रशियांत तें २.५ मिलिमीटर धरीत. एका अंतरांत फरक केसाएवढा. पण चाळीस पायांच्या चिपेंत एका रांगेंतील एकोणीस अंतरांत तो ०.७६ मिलिमीटर होतो, आणि शेवटचा पाय भोंकांत जाण्याचें नाकारतो. '०६०३' हें नांव इंचाच्या हिशेबानें १.६ मिलिमीटर लांबीच्या भागाचें, तर मेट्रिक हिशेबानें अवघ्या ०.६ मिलिमीटरच्या भागाचें आहे. संग्रहांत अशी चूक एकदांच लिहिली जाते. परंतु तिच्यावरून निघणाऱ्या प्रत्येक पाटीवर ती पुन्हां उमटते.

यावर उपाय म्हणून नियम आले. अमेरिकेंत १९५७ सालीं स्थापन झालेल्या आयपीसी या संस्थेनें २००५ सालीं पृष्ठभागावर बसणाऱ्या भागांच्या ठशांसाठीं ७३५१ क्रमांकाचें मानक प्रसिद्ध केलें. फ्रान्समधील ग्रेनोबल येथें झां-पिएर शारास यांनीं १९९२ सालीं आरंभिलेल्या 'कायकॅड' या मुक्त प्रणालीच्या संग्रहांत '०६०३' व '१६०८ मेट्रिक' हीं दोन्ही नांवें एकत्र लिहिण्याचा प्रघात पडला.

तथापि निर्दोष संग्रहही कायमचा आपल्या हातीं राहील, असें नाहीं. १९८८ सालीं जर्मनींत निघालेली 'ईगल' ही लोकप्रिय प्रणाली २०१६ सालीं अमेरिकेच्या ऑटोडेस्क कंपनीकडे गेली, आणि ७ जून २०२६ नंतर ती मिळणार नाहीं असें कंपनीनें २०२३ सालीं जाहीर केलें. ज्यांनीं वर्षानुवर्षें त्या प्रणालींत आपले संग्रह जमविले, त्यांच्यापुढें ते दुसरीकडे नेण्याचा प्रश्न उभा राहिला. कायकॅडनें २०१८ सालींच ईगलच्या फायली वाचण्याची सोय केली होती. आणि २०२१ च्या सहाव्या आवृत्तीपासून तिचा प्रत्येक नकाशा वापरलेल्या चिन्हांची प्रत स्वतःजवळच बाळगूं लागला, जेणेंकरून मूळ संग्रह बदलला वा हरवला तरी जुनें काम बिघडूं नये.

नोंद उत्पादकाच्या मापचित्राशीं ताडून पाहावी, दुसऱ्या डोळ्यांनीं ती तपासली जावी, आणि कामाबरोबर तिची प्रत ठेवावी, हे तीन साधे नियम या सर्व इतिहासाचें सार आहे. संग्रह विकत घेतां येतो. त्यावरचा विश्वास मात्र एकेक नोंद तपासूनच मिळवावा लागतो.